ललिता पवारांचा डोळा आणि आमची फुफी

मार्च २०२० च्या शेवटी लॉकडाऊन लागला तेव्हा पुण्याची खोली बंद करून मी बायको-मुलीसह नांदगाव पेठला आलो होतो. दिवसभर लॅपटॉपवर ऑफिस चालायचं. सकाळ-संध्याकाळ घरातला टीव्ही सुरू असायचा आणि दूरदर्शनवर रामानंद सागरांचं 'रामायण' पुन्हा लागलं होतं. मोहल्ल्यातल्या बऱ्याच घरांत ते पाहिलं जायचं, आमच्याही घरात. एका संध्याकाळी मंथरा पडद्यावर आली. पाठीत वाकलेली, एक डोळा बारीक केलेली. माझी पाच वर्षांची मुलगी टाळ्या पिटत म्हणाली, "अब्बा, ही तर फुफीदादीसारखी दिसते!"

कुणी हसलं नाही. माझी फुफी, म्हणजे माझ्या वडिलांची मोठी बहीण, तिथेच खाटेवर तांदूळ निवडत बसली होती. तिचा डावा डोळा अर्धवट मिटल्यासारखा असतो आणि ओठाचा तो कोपरा खाली ओढलेला. तिनं मान वर केली आणि म्हणाली, "व्हय बाप्पा, सारखीच हाय. पण तिचा डोळा कोणं फोडला, हे विचारलं का कोणी?"

फुफी घरातही वऱ्हाडीच बोलते. आयुष्याची वीसेक वर्षं ती जिनिंगमध्ये सरकी आणि रुईच्या ढिगाऱ्यात इतर बायांबरोबर राबली, तिथली बोली तिच्या तोंडात बसली ती बसलीच.

आता एक कबुली देतो. लहानपणी आम्ही सगळी भावंडं फुफीला तिच्या माघारी 'ललिता पवार' म्हणायचो. ती रागावली की म्हणायचो, मागून नक्कल करताना म्हणायचो. मोठी माणसं ऐकायची आणि गालात हसायची. ते नाव आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं. हिंदी-मराठी सिनेमा पाहिलेल्या कुठल्याही घरात ते आपोआप तयार व्हायचं. खाष्ट बाई, बारीक डोळा, ललिता पवार. फुफीच्या त्या प्रश्नानंतर मी पहिल्यांदा या बाईची हकीकत नीट वाचली, तिचे जुने सिनेमे शोधून पाहिले. त्यातून जे वाटलं ते लिहितो आहे.

ललिता पवार मूळच्या येवल्याच्या. जन्म १८ एप्रिल १९१६, पाळण्यातलं नाव अंबिका, वडील लक्ष्मणराव सगुण कापडाच्या व्यापारातले. मुलींना शाळेत पाठवायची रीत नव्हती, त्यामुळे शाळा घडली नाही. सिनेमा मात्र फार लवकर घडला. १९२८ च्या 'राजा हरिश्चंद्र' या मूकपटात ती काम करत होती, तेव्हा वय अकरा-बारा. महिना अठरा रुपये पगार होता असं सांगतात. मूकपटांच्या काळातच ती नायिका झाली आणि नुसती नायिकाही राहिली नाही. १९३२ च्या 'कैलाश'ची ती सहनिर्माती होती. १९३८ मध्ये टॉलस्टॉयच्या 'रिसरेक्शन' कादंबरीवर बेतलेला 'दुनिया क्या है' हा बोलपट तिनं काढला. शाळेचं तोंड न पाहिलेली येवल्याची मुलगी विशी-बाविशीत टॉलस्टॉय पडद्यावर आणत होती, स्वतःचा पैसा लावत होती. तिची ही ओळख आपल्याला माहीतच नसते.

मग १९४२ साल आलं. 'जंग-ए-आझादी' या चित्रपटाचं चित्रीकरण चालू होतं. एका प्रसंगात सहकलाकारानं तिच्या थोबाडीत मारायची होती. तो सहकलाकार म्हणजे मास्टर भगवान, पुढे 'अलबेला'मुळे ज्यांना सगळा देश भगवानदादा म्हणू लागला ते. त्यांचा जन्म आपल्या अमरावतीचा सांगतात, त्यामुळे इकडे त्यांचं नाव आपुलकीनं निघतं. थप्पड खरोखर बसली आणि जोरात बसली. चेहऱ्याच्या डाव्या बाजूला लकवा झाला, डाव्या डोळ्याला इजा झाली. उपचार सुमारे तीन वर्षं चालले. डोळा पूर्ववत झाला नाही. ललिताबाई तेव्हा सव्वीस वर्षांच्या होत्या.

हा प्रसंग आपल्याकडे कसा सांगितला जातो, ते आठवून पाहा. एका थपडेनं नशीब पालटलं, नायिका गेली पण अजरामर खलनायिका मिळाली, शाप होता तो वरदान ठरला, अशा चालीवर. वाढदिवसाच्या आणि पुण्यतिथीच्या लेखांत हेच वाक्य थोड्या फरकानं येतं. मलाही आधी ते बरं वाटायचं. आता वाटत नाही.

कारण वरदान म्हणताना आपण एक साधी गोष्ट झाकतो. एका कामगार बाईला कामाच्या जागी, कामाच्या वेळेत, सांगितलेलं काम करताना इजा झाली आणि तिचा रोजगार बदलला. नायिका म्हणून मिळणारं काम गेलं, निर्माती म्हणून सुरू झालेली वाट खुंटली. कामावरच्या दुखापतीसाठी भरपाई देणारा कायदा देशात १९२३ पासून होता. पण सिनेमातली नटी त्या काळी कामगारांत मोजलीच जात नव्हती. सिने-कामगारांसाठी वेगळे कायदे आले ते १९८१ मध्ये, त्या थपडेनंतर जवळपास चाळीस वर्षांनी. ललिताबाई पुन्हा उभ्या राहिल्या त्या स्वतःच्या हिमतीवर. त्याचं श्रेय त्यांचं, थपडेचं नाही.

आणि त्यांना पुढे काय काम मिळालं? १९४४ च्या प्रभातच्या 'रामशास्त्री'मध्ये त्या आनंदीबाई झाल्या, 'ध चा मा' करणारी म्हणून मराठी माणसाच्या डोक्यात पक्की बसलेली बाई. शांतारामांच्या 'दहेज'मध्ये, १९५० साली, हुंड्यासाठी सुनेला छळणारी सासू. १९५५ च्या 'मिस्टर अँड मिसेस ५५' मध्ये बायकांच्या हक्कांवर भाषणं देणारी, पुरुषांचा तिटकारा असलेली सीतादेवी. १९५९ च्या 'सुजाता'मध्ये अस्पृश्य मुलीला घरात वाढवायला विरोध करणारी बुआ. आणि थेट १९८७ मध्ये मंथरा.

ही कामं त्यांनी उत्तम केली, यात वादच नाही. माझा वाद त्या कामांच्या मागच्या हिशेबाशी आहे. निर्मात्यांनी आणि प्रेक्षकांनी मिळून ठरवून टाकलं की दुखावलेला डोळा म्हणजे कपट. आपल्या गोष्टींत ही खोड जुनी आहे. मंथरा कुबडी, शकुनी लंगडा. शरीरात काही वाकडं दिसलं की मनही वाकडं असणार, हे लेकरांना आपण बोलायला शिकण्याआधी शिकवतो. सिनेमानं त्याला कॅमेरा दिला, आमच्या घरानं त्याला ललिता पवार हे नाव दिलं.

'मिस्टर अँड मिसेस ५५' पाहताना आणखी एक गोष्ट खटकली. हिंदू विवाह कायद्यानं घटस्फोटाची वाट उघडली ते सालही १९५५ च. त्याच वेळी पडद्यावर बाईच्या हक्काची भाषा बोलायला कोण, तर तीच, बारीक डोळ्याची, कजाग. सिनेमा फार मजेदार आहे, गाणी आजही कानात बसतात. पण पाहणाऱ्याच्या मनात एवढं नक्की उतरतं की हक्क मागणारी बाई घर मोडायलाच निघालेली असते. तलाक, पोटगी, वारसा यांवर आपल्या मोहल्ल्यात एखादी बाई उभी राहून बोलली की तिला आजही कोणत्या नजरेनं पाहतात, हे मी इथे वेगळं सांगायला नको.

'दहेज'चंही तेच. सिनेमा हुंड्याच्या विरोधात आहे, हेतू स्वच्छ आहे. पण राग सगळा सासूवर जमा होतो. मुलाचा बाप, मामा, खुद्द नवरामुलगा, लग्न ठरवणारे मध्यस्थ यांच्यावर फारसा येत नाही. आपल्याकडे शरियतमध्ये हुंडा नाही, मेहर आहे, असं आपण मोठ्या आवाजात सांगतो आणि लग्नात फ्रीज, कपाट, मोटारसायकल टेम्पोत चढवतो. मग सून छळाला कंटाळून माहेरी आली की म्हणतो, सासू ललिता पवार निघाली. एका नटीच्या नावावर सगळ्या घराचा हिशेब मिटतो.

आता ज्या वर्षी 'सुजाता' आला, त्याच १९५९ मध्ये आलेला 'अनाडी' पाहा. दिग्दर्शक हृषीकेश मुखर्जी. ललिताबाई त्यात मिसेस डीसा आहेत, राज कपूरला खोली भाड्यानं देणारी ख्रिस्ती म्हातारी. तोंडानं कडक, वागण्यात आई. कंपनीच्या विषारी औषधानं ती मरते आणि सिनेमागृहातली माणसं रडतात. या भूमिकेसाठी त्यांना सहायक अभिनेत्रीचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. त्याआधी 'श्री ४२०' मधली केळी विकणारी गंगामाई, नंतर 'आनंद'मधली दवाखान्यातली मेट्रन, सगळी मायेची माणसं. १९६१ मध्ये संगीत नाटक अकादमीनंही त्यांचा गौरव केला.

डोळा तोच होता. 'सुजाता'तही तोच आणि 'अनाडी'तही तोच. एकात तो जातीचा विटाळ पाहत होता, दुसऱ्यात परक्या पोराला जेवायला वाढत होता. म्हणजे कपट डोळ्यात नव्हतंच. ज्यानं भूमिका लिहिली त्याच्या कागदात होतं, आणि आम्ही ते बाईच्या चेहऱ्यावर वाचत बसलो. मिसेस डीसा पाहून रडलेल्या माणसांनीही घरी येऊन खाष्ट बाईला मिसेस डीसा म्हटलं नाही आणि मायाळू बाईला ललिता पवार म्हटलं नाही.

या मासिकाच्या वाचकांना एका मुद्द्यावर थांबायला सांगतो. सिनेमात दाढी, सुरमा, गळ्यात ताईत, पठाणी सूट दिसला की पुढे बॉम्ब किंवा तस्करी येणार, याबद्दल आपण तक्रार करतो. ती तक्रार खरी आहे. मी स्वतः पुण्यात भाड्यानं खोली शोधताना नाव सांगितल्यावर समोरच्याचा चेहरा बदललेला पाहिला आहे. चेहऱ्यावरून माणूस ठरवला जाणं काय असतं, हे आपल्याला दुसऱ्यानं सांगावं लागत नाही. मग तीच गोष्ट आपण आपल्याच घरातल्या बाईशी कशी करतो? आमच्या घरात अन्यायावर तावातावानं बोलणारे काका फुफीला ललिता पवार म्हणण्यात सगळ्यात पुढे होते. मीही होतो.

फुफीचा डोळा गेला तो माझ्या जन्माच्या आधी. जिनिंगचा हंगाम ऐन भरात होता. मशीनचा पट्टा तुटला आणि त्याचं टोक तिच्या डाव्या गालावर बसलं. मालकानं त्या दिवशी डॉक्टरकडे नेलं, पट्टी करवली, हातावर थोडे पैसे ठेवले आणि सांगितलं, बरं वाटलं की ये. आठ दिवसांनी गेली तर तिच्या जागी दुसरी बाई होती. मुकादमानं आणलेली माणसं, हजेरीपटावर नाव नाही, अंगठा नाही. तक्रार करायची कुणाकडे, हे कुणाला माहीत नव्हतं. दोन वर्षांनी दुसऱ्या जिनिंगमध्ये तिला काम मिळालं, तेही झाडझुडीचं, कमी मजुरीवर. लग्नाची बोलणी चालू होती, ती मोडली. फुफी आमच्याच घरी राहिली.

मी व्यवसायानं सॉफ्टवेअरवाला, कायद्याचा माणूस नाही. पण हा प्रश्न डोक्यात शिरल्यावर कायदे उघडून वाचले. १९२३ च्या भरपाई कायद्याला एक परिशिष्ट जोडलेलं होतं. कोणत्या दुखापतीनं कमाईची किती टक्के ताकद जाते, त्याचा तो तक्ता. दुसरा डोळा चांगला असताना एका डोळ्याची नजर गेली तर ३० टक्के. चेहरा अत्यंत विद्रूप झाला तर १०० टक्के. तो आकडा पाहून मी थांबलो. चेहरा बिघडलेल्या माणसाला जग काम देत नाही, हे कायदा लिहिणाऱ्यांनाही ठाऊक होतं. फुफीची दुखापत त्या तक्त्यात कुठे बसली असती, मला सांगता येणार नाही. ते ठरवायला तिला कधी कुणापुढे उभंच केलं गेलं नाही.

दुसरा कायदा कर्मचारी राज्य विम्याचा, १९४८ चा. त्यात उपचार मिळतात, रजेचे पैसे मिळतात, अपंगत्व आलं तर दरमहा रक्कम मिळते. पण हा कायदा हंगामी कारखान्यांना लागू होत नाही, आणि हंगामी कारखान्यांची जी यादी कायद्यात दिली आहे, तिच्यात कापसाचं जिनिंग आणि प्रेसिंग सुरुवातीलाच आहे. वऱ्हाड कापसाचं, इथल्या बायांचं काम कापसाचं, आणि विम्याच्या कायद्यात नेमकं तेच काम बाहेर. फुफीचं नाव हजेरीपटावर असतं तरी या विम्याचं कार्ड तिला मिळालं नसतं. भरपाईचा जुना कायदा लागू होता, पण त्याची पायरी चढायला माहिती लागते, साक्षीदार लागतात, आणि काम हातचं जाईल ही भीती सोडावी लागते.

आता दोन्ही कायदे सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये सामावले आहेत. नांदगाव पेठही बदलतं आहे. एमआयडीसीत कापडाचे कारखाने उभे राहिले, आणखी येताहेत. सप्टेंबर २०२४ मध्ये पंतप्रधानांनी वर्ध्याहून इथल्या पीएम मित्र पार्कची पायाभरणी केली, सुमारे एक हजार एकरांचं ते काम आहे. आमच्या मोहल्ल्यातल्या मुली शिलाईच्या कामाला जाऊ लागल्या. काही घरांत त्यावरून वाद झाले, आमच्याही झाले. वाद मिटवला फुफीनं. म्हणाली, "जाऊ द्या पोट्टीले. पण कार्ड भेटलं का, ते पयले पाहा."

माझ्या चुलत भावाची मुलगी गेल्या वर्षी तिथल्या एका कारखान्यात लागली. दर महिन्याच्या पगारपत्रकात विम्याची कपात दिसत होती. कामगाराचा वाटा पगाराच्या ०.७५ टक्के, मालकाचा ३.२५ टक्के. कपात होत होती, पण विमा क्रमांक तिला कुणी दिला नव्हता. विचारलं तर 'येईल' एवढंच उत्तर. आम्ही दोघांनी मिळून साधा अर्ज लिहिला, पगारपत्रकांच्या प्रती जोडल्या आणि पोच घेतली. अकरा दिवसांनी क्रमांक आला. भांडण झालं नाही, नोकरी गेली नाही. तिच्याबरोबरच्या आणखी सहा मुलींनी तसाच अर्ज दिला. ही काही क्रांती नाही. पण फुफीच्या वेळी हे सांगणारं एकही माणूस तिच्याजवळ नव्हतं.

म्हणून जमातीच्या संस्थांना, मशिदीच्या कमिट्यांना, तरुण मंडळांना माझं एक सुचवणं आहे. शिष्यवृत्तीचे अर्ज भरून द्यायला आपण शिबिरं घेतो, फार चांगलं काम आहे. तसंच महिन्यातला एक रविवार पगारपत्रकांसाठी ठेवा. मुलींनी पत्रक आणावं, कुणीतरी वाचून दाखवावं. विम्याचा क्रमांक आहे का, भविष्य निर्वाह निधी जमा होतो का, कंत्राटदाराचं नाव काय. मशीनवर काम करणाऱ्यांना अपघात झाला तर पहिल्या दिवशी कोणता कागद मागायचा, हे पाठ करून द्या. माझ्यासारखे घरून काम करणारे इंजिनिअर आता गावोगाव आहेत. दोन तास देणं आम्हाला जड नाही.

शेवटी त्या दोघांविषयी. भगवानदादांनी 'अलबेला'चं यश पाहिलं, बंगला-गाड्या पाहिल्या, आणि शेवटची वर्षं दादरच्या चाळीत काढली. २००२ मध्ये ते गेले. ललिताबाई २४ फेब्रुवारी १९९८ ला पुण्यात औंधच्या घरी गेल्या. सातशेहून अधिक चित्रपट केलेली बाई, पण त्या वेळी घरात एकटी होती, पती दवाखान्यात होते. त्या गेल्याचं दोन दिवसांनी कळलं. ज्याचा हात उठला तो आणि जिच्या गालावर तो बसला ती, दोघंही याच धंद्याची मजूर माणसं. त्या हाताला मी दोष देत नाही. अपघात होतात. अपघातानंतर माणसाला सांभाळायची व्यवस्था नसणं, हा अपघात नसतो.

मागच्या ईदला मी फुफीला 'अनाडी' लावून दिला. तिनं तो पूर्वी अमरावतीला टॉकीजमध्ये पाहिला होता, पण निम्मा विसरली होती. मिसेस डीसा मेली तेव्हा तिनं पदरानं दोन्ही डोळे पुसले. माझी मुलगी तिला टेकून बसली होती. आता ती मोठी झाली आहे, तिला थपडेची गोष्ट माहीत आहे, जिनिंगच्या पट्ट्याचीही. सिनेमा संपल्यावर ती म्हणाली, "फुफीदादी, ही बाई खरंच तुझ्यासारखी आहे."

फुफी म्हणाली, "आता बराबर बोलली."